चार्जर तोच, वीज दुसरी

या पानावर दर अंकात आम्ही निकाल, उपस्थिती, फी भरण्याची मुदत आणि स्नेहसंमेलनाच्या तारखा यांबद्दल लिहितो, आणि पालकवर्ग ते वाचल्यासारखे करून पान उलटतो. या वेळी तारखा शेवटच्या पानावर टाकल्या आहेत. इथे आम्ही एका बॅटरी चार्जरविषयी लिहिणार आहोत.

सहामाही परीक्षेनंतर विज्ञान मंडळाच्या वहीत एक प्रश्न आला आणि त्याने आमचे तीन आठवडे घेतले. प्रश्न वरवर पाहता साधा आहे. एका ठरावीक विजेवर चालण्यासाठी बांधलेले चार्जरचे सर्किट दुसऱ्याच विजेवर चालवता येते का? घरोघरी इन्व्हर्टर, इमर्जन्सी लाइट, मुलांच्या सायकलींना लावलेले दिवे असे काही ना काही असते, आणि त्याचा मूळ चार्जर हरवला वा जळला की घरातल्या कुठल्यातरी ड्रॉवरमधून पिन बसेल असा दुसरा काढून लावला जातो. म्हणून हा प्रश्न शाळेपुरता राहत नाही. थोडक्यात उत्तर हवे असेल त्यांनी इथेच वाचावे: कधी चालतो, कधी चालत नाही, आणि कधी चालतो असे वाटत असताना बॅटरी फुगते. तिन्ही गोष्टी एकाच डब्यात कशा होतात ते पुढे.

आधी आपल्या शाळेच्या चार्जरबद्दल. प्रार्थनेच्या माइकसाठी आपल्याकडे १२ व्होल्टची, ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. तिचा चार्जर बाजारातला नाही. आमच्या आधी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तो २००१ साली लाकडी फळीवर बांधला आणि वर पत्र्याचे झाकण बसवले. त्या वर्षांत इंदुरात विजेचे काय हाल होते ते जुन्या पालकांना सांगायला नको. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची वीजघरे तिकडे गेली आणि आपल्याकडे लाइट येण्यापेक्षा जाण्याचेच वेळापत्रक पक्के झाले. प्रार्थनेच्या वेळी लाइट नसणे हा नियम होता. त्या फळीवरच्या चार्जरने शाळेची प्रार्थना चालू ठेवली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र त्या काळात एक गमतीचा अनुभव यायचा. संध्याकाळी लाइट असला तरी व्होल्टेज १८० वर उतरलेले असे. ट्यूबलाइट नुसती लुकलुकत राही. चार्जरचा लाल दिवा मात्र रात्रभर लागलेला, आणि सकाळी पाहावे तर बॅटरी होती तशीच रिकामी. प्रयोगशाळेतले मामा म्हणत, "सर, दिवा तर रात्रभर जळत होता हो!" दिवा खरेच जळत होता. लाल दिवा एवढेच सांगतो की डब्यात वीज आली आहे. ती बॅटरीत शिरली की नाही हे सांगणे त्याचे काम नाही. आजही अनेक घरांत लाल दिव्यावर विश्वास ठेवून लोक निवांत झोपतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

असे का होई हे समजण्यासाठी झाकण उघडावे लागते. आत मुख्य मंडळी चारच. पहिला ट्रान्सफॉर्मर, तो २३० व्होल्टचे १५ करतो. मग चार डायोड, ते उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवतात. मग एक मोठा कंडेन्सर, तो तिच्यातले चढउतार भरून काढतो. शेवटी तीन पायांचा एक छोटा रेग्युलेटर, एलएम ३१७ नावाचा, जो वरून कितीही आले तरी खाली ठरवले तेवढेच व्होल्ट सोडतो. (आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले, त्यामुळे आमच्या तोंडी आधी परिणामित्र आणि संधारित्र हेच येतात. मराठीत त्यांना रोहित्र आणि धारित्र म्हणतात हे नोकरीला लागल्यावर शिकलो. जेल रोडचा दुकानदार दोन्ही भाषांना बगल देऊन कंडेन्सर म्हणतो आणि नेमका हवा तो काढून देतो. या लेखात आम्ही त्याचेच ऐकणार आहोत.)

आता हिशेब. ट्रान्सफॉर्मरचे १५ व्होल्ट ही एका अर्थी सरासरी आहे. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे साधारण २१ व्होल्टवर असतो, आणि कंडेन्सर माथ्यापर्यंत भरतो. वाटेतले दोन डायोड दीडेक व्होल्ट खातात. म्हणजे कंडेन्सरवर २० व्होल्टच्या आसपास. बॅटरीला द्यायचे आहेत १३.८. रेग्युलेटरच्या पुढे उलटा प्रवाह रोखणारा आणखी एक डायोड आहे, त्याचे ०.७ धरले तर रेग्युलेटरमधून १४.५ निघायला हवेत. आणि या रेग्युलेटरचा एक हट्ट आहे: जेवढे बाहेर सोडायचे त्याहून सुमारे दोन व्होल्ट जास्त आत आल्याशिवाय तो नीट काम करत नाही. म्हणजे आत किमान साडेसोळा पाहिजेत. २० आहेत, तेव्हा सगळे ठीक.

घरातले व्होल्टेज १८० झाले की ट्रान्सफॉर्मर १५ ऐवजी ११.७ देतो. माथा साडेसोळा, त्यातून डायोडचे वजा केले की १५ उरतात. साडेसोळा हवेत, आले १५. लाल दिव्याला एवढे भरपूर होतात, बॅटरीला पुरत नाहीत. मामांच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे रहस्य एवढेच.

आता तो प्रश्न. विज्ञान मंडळाच्या वहीत नववीतल्या एका मुलाने लिहिले होते: "शाळेचा चार्जर ४८ व्होल्टवर चालेल का?" कुणी २४ विचारले असते तर ट्रक-बसची बॅटरी मनात आहे असे समजलो असतो. ४८ हा आकडा सहज सुचणारा नाही. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारले.

त्याचे वडील संध्याकाळी हातगाडी लावतात, मोसमाप्रमाणे भुट्ट्याचा कीस किंवा गराडू. गाडीवर एलईडीची पट्टी आहे आणि खाली १२ व्होल्टची बॅटरी, शाळेच्या माइकला आहे तशीच. राहायची खोली भाड्याची आहे. घरमालकाने दिवा आणि पंखा एवढीच परवानगी दिलेली, दिवसभर चार्जर लावून ठेवला की त्याची कुरकुर सुरू होते. मुलाचे काका त्याच वाड्यात राहतात आणि ई-रिक्शा चालवतात. ती रात्री पैसे देऊन दुसरीकडे चार्ज होते. दुपारी काका दोन-तीन तास जेवायला आणि आडवे व्हायला घरी येतात, तेव्हा रिक्शा दारात उभी असते. सीटखाली १२ व्होल्टच्या चार मोठ्या बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, एकूण ४८. मुलाने सरळ विचार केला की आपली १२ ची, त्यांचीही १२ ची, आणि चारांपैकी एकीला दोन वायरी लावून तो रोज आपली बॅटरी भरू लागला. काकांची परवानगी होती.

दोनेक महिन्यांनी रिक्शा पूर्वीइतकी चालेनाशी झाली. मेकॅनिकने चारही बॅटऱ्या एकेक मोजल्या. एक हमखास बाकीच्या तिघींपेक्षा उतरलेली निघाली, आणि ती कोणती हे वेगळे सांगायला नको. बॅटऱ्यांचा संच म्हणजे गरीब माणसाच्या कैक महिन्यांची बचत. घरात बोलाचाली झाली. काकू म्हणाल्या, तुमच्या गाडीच्या दिव्यापायी आमच्या रिक्शाचा दिवा विझायची वेळ आली. मुलगा हे सांगताना बुटाच्या टोकाकडे पाहत होता. दोन्ही घरांचे एकमेकांशी बोलणे जेमतेम उरले होते, आणि त्याला वाटत होते की चारही बॅटऱ्यांमधून एकदम, म्हणजे ४८ मधून वीज घेतली, तर कुणा एकीवर भार येणार नाही.

इथे आम्ही सांगू इच्छितो की त्याचा हा विचार अगदी बरोबर होता. एकमेकींना जोडलेल्या चार बॅटऱ्या म्हणजे एकाच जोखडाला जुंपलेले बैल. एकाला रोज थोडे जास्त राबवले तर रात्री चारा सर्वांना सारखाच मिळतो, पण तो एक उपाशी राहतो आणि उरलेल्यांना अजीर्ण होते. रात्री ४८ व्होल्टचा चार्जर चौघींतून सारखाच प्रवाह सोडतो. एकूण व्होल्ट ठरल्याएवढे झाले की तो थांबतो. दमलेली अजून भरायची असते, बाकीच्या तिघी नको तेवढ्या भरलेल्या. दुसऱ्या दिवशी दमलेली सर्वांत आधी उतरते, आणि संच तिच्या चालीने चालतो. म्हणून एकीला वेगळी वायर लावणे वाईट, सगळ्या संचातून घेणे चांगले. फक्त त्यासाठी शाळेचा चार्जर चालत नाही.

का चालत नाही, हे मुलांनी स्वतः काढावे असे विज्ञानाच्या मॅडमचे म्हणणे पडले. नुसते "नाही" म्हणून मुलाला परत पाठवले असते तर तो संध्याकाळी जुन्याच दोन वायरी काढून बसला असता, हे आम्हांलाही दिसत होते. त्यामुळे पुढचे दोन शनिवार विज्ञान मंडळाने याच कामाला दिले.

पहिली पायरी ट्रान्सफॉर्मरची. रिक्शातली वीज बॅटरीची आहे, एकाच दिशेची. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट वाहणारी वीज लागते. बॅटरी त्याला सरळ जोडली तर तो काही बदलत नाही, नुसता तारेचा गुंडाळा होऊन तापतो. तेव्हा तो वगळून डायोडपासून पुढे जोडायला हवे. चार डायोडांना एकाच दिशेच्या विजेने काही त्रास नाही, ती आपली वाट शोधते. इथवर ठीक.

दुसरी पायरी कंडेन्सरची. त्याच्या अंगावर छापलेले आहे: २५ व्होल्ट. तो २० साठी निवडलेला होता. ४८ लावले तर डोक्यावरचा पत्रा फुगतो आणि आतले रसायन वास मारीत बाहेर येते. हा कंडेन्सर बदलता येतो, काही रुपयांचे काम. पण ४८ म्हणून ५० चा आणला तर तेही चुकेल. शिशाच्या चार बॅटऱ्यांचा ४८ चा संच चार्जिंगच्या वेळी ५७-५८ व्होल्टपर्यंत चढतो. बॅटरीवर छापलेला आकडा हे तिचे आडनाव समजावे. तिची उंची दिवसभर बदलत असते.

तिसरी पायरी रेग्युलेटरची, आणि इथे गाडी अडते. एलएम ३१७ च्या आत-बाहेरच्या व्होल्टमध्ये ४० पेक्षा जास्त फरक पडता कामा नये. ५८ आत आणि १४.५ बाहेर, फरक साडेत्रेचाळीस. बॅटरी पार उतरलेली असेल तर आणखी जास्त. म्हणजे तो मरणार. समजा रिक्शा चार्जिंगला नाही, ५२ च आहेत, तर फरक साडेसदतीस आणि तो मरणार नाही. तरीही चालणार नाही, कारण उष्णता.

हा मुद्दा मुलांना सर्वांत उशिरा पटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा रेग्युलेटर नको असलेले व्होल्ट कुठे साठवत नाही, ते जाळून टाकतो. किती जाळतो याचा हिशेब तोंडी होतो: आत-बाहेरच्या व्होल्टचा फरक गुणिले ॲम्पिअर. शाळेचा चार्जर ०.७ ॲम्पिअर देतो. भार पडल्यावर कंडेन्सरवर १८-१९ उरतात, फरक चारेक व्होल्ट, म्हणजे तीन वॉटच्या आसपास. त्यासाठी मागे तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला आहे आणि तो कोमट राहतो. मुलांनी मध्येच विचारले की भंगारात २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पडला आहे, तो लावला तर? माथा ३४, डायोड जाऊन ३२. फरक साडेसतरा, गुणिले ०.७ म्हणजे बारा वॉटवर. आपले छोटे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. म्हणजे त्याच्या अर्ध्या ताकदीची इस्त्री नखाएवढ्या तुकड्यावर ठेवण्यासारखे झाले. आणि ५२ व्होल्टला हीच उष्णता २६ वॉट, पूर्ण सोल्डरिंग आयर्न. रेग्युलेटरमध्ये स्वतःला वाचवायची सोय असते, अति तापला की तो बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. असा चार्जर दिवसभर धापा टाकत राहील आणि बॅटरी अर्धवट भरेल.

शिवाय वीज वाया जाते ती कुणाची? काकांची. ५२ व्होल्टमधून १४ च कामी आले, म्हणजे चार रुपये घेऊन एक रुपयाचा माल दिला आणि तीन वाटेत जाळले. ज्या भांडणातून हा प्रश्न आला, त्यात हे तीन रुपये घालणे बरे नव्हे.

मग एका मुलीने सुचवले की ई-रिक्शात हॉर्न आणि दिव्यांसाठी ४८ चे १२ करणारा एक डबा आधीच असतो, तिथूनच घ्यावे. सूचना हुशारीची होती आणि बऱ्याच मोठ्या माणसांनाही ती पटेल. पण १२ ने १२ ची बॅटरी भरत नाही. ज्या बॅटरीला आपण १२ ची म्हणतो तिच्यात सहा खाने, भरलेले असताना प्रत्येकी २.१ व्होल्टच्या वर. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी १२.६ ते १२.८ दाखवते. तिच्यात वीज ढकलायची तर याहून वरच्या पातळीवरून यायला हवी. इंदूरकरांना हे समजायला वेळ लागू नये. नर्मदेचे पाणी १९७८ साली आपल्याकडे आले ते जलूदहून आपोआप वाहत नाही आले. सत्तरेक किलोमीटरची वाट, मध्ये घाट, ते पंपाने वर चढवावे लागते तेव्हा टाकीत पडते. टाकी ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवरचे पाणी टाकीत शिरत नाही. रोज चार्जरवर राहणाऱ्या बॅटरीला १३.५ ते १३.८ पुरतात. रोज उतरवून भरायच्या बॅटरीला १४.४ पर्यंत नेऊन मग खाली आणले तर ती लवकर भरते. १५ च्या वर सोडून दिले तर तिच्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतात, सीलबंद बॅटरी फुगते, आणि बंद खोलीत त्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. आणखी एक. हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, १२ व्होल्टच्या बॅटरीचा आकडा तीन दशांश व्होल्टने खाली ठेवावा. उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या का मरतात असे पालक नेहमी विचारतात, त्याचे एक कारण हेही आहे.

छतावरच्या सौर पट्टीचेही याच ओघात सांगून टाकतो. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी पट्टी उन्हात मोकळी मोजली तर २१-२२ व्होल्ट दाखवते आणि सर्वांत जास्त काम १७-१८ वर करते. म्हणजे शाळेच्या फळीवरच्या चार्जरला, ट्रान्सफॉर्मर वगळून, ती चांगली मानवते: कंडेन्सर २५ चा पुरतो, साडेसोळाची अट पाळली जाते, पत्रा कोमटच राहतो. ढग आले की प्रवाह कमी होतो एवढेच. रात्री बॅटरीतली वीज उलट पट्टीकडे झिरपू नये म्हणून शेवटचा डायोड लागतो, तो आपल्या सरांनी २००१ मध्येच घातलेला होता. मुलाच्या वाड्यात मात्र छप्पर घरमालकाचे.

आणि अमेरिकेहून आलेले चार्जर. आपल्या शाळेतून शिकून तिकडे गेलेली मुले सुट्टीत येतात, कौतुकाने काही वस्तू आणतात. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर निःशंक लावावे, फक्त पिन बदलावी लागते. नुसते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिले असेल आणि हाताला जड लागत असेल, म्हणजे आत जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर आपल्या २३० ला तो लावू नये. त्याच्या लोखंडाची जेवढी ताकद आहे तिच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो, प्रवाह एकदम वाढतो आणि काही मिनिटांत धूर. उलट आपला २३० चा तिकडे नेला तर धूर येत नाही, मामांच्या दिव्यासारखा नुसता जळत राहतो.

परत रिक्शाकडे. नको असलेले व्होल्ट जाळण्याऐवजी विजेचे बारीक बारीक तुकडे करून, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी ती सरासरी काढणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यात फार थोडे वाया जाते. जेल रोडवर असा छोटा हिरवा-निळा तुकडा कुणीही देतो, पण स्वस्तातले बरेचसे ४० व्होल्टपर्यंतच सोसतात. मुलांना दुकानात एकच वाक्य विचारायला सांगितले होते: "जास्तीत जास्त किती व्होल्ट आत घेतो?" पहिल्या दोन दुकानांत "४८ चालेल" असे उत्तर मिळाले, आकडा मिळाला नाही. तिसऱ्याने कागद काढून दाखवला. ६० च्या वरचा आणि व्होल्टबरोबर ॲम्पिअरही बांधता येणारा तुकडा घेतला. त्यावर दोन बारीक स्क्रू असतात. बॅटरी न जोडता, डायोडच्या पुढे मल्टिमीटर लावून एका स्क्रूने १३.८ बांधले, दुसऱ्याने ०.७ ॲम्पिअर. ७ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला दहावा भाग ही जुनी, सुरक्षित चाल आहे. याहून जास्तही ती घेते, पण कुणाची घाई नव्हती.

हिशेबाचा कागद मुलाने काकांसाठी स्वतः लिहिला. गाडीवरची पट्टी १० वॉटची, चार तास, म्हणजे बॅटरीतून साडेतीन ॲम्पिअर-अवरच्या आत खर्च. भरताना थोडे जास्त लागते, चार-सव्वाचार धरू. एवढे भरायला सहा तास, आणि त्या सहा तासांत रिक्शाच्या संचातून जातात दीड ॲम्पिअर-अवर. संच शंभरचा आहे. म्हणजे शंभरातले दीड, आणि तेही चौघींतून सारखे. दुपारच्या तीन तासांत निम्मे भरते, म्हणून बॅटरी सकाळच्या फेऱ्यांतही रिक्शातच ठेवायची, पायाखाली नव्हे तर मागच्या बाजूला पट्ट्याने बांधून. काकांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले की हे शाळेने सांगितले की तू? मुलगा म्हणाला, मोजून पाहा.

फ्यूजबद्दल मात्र आम्ही मुलांवर सोडले नाही. रिक्शाच्या संचाच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत दोन ॲम्पिअरचा फ्यूज, आणि हातगाडीच्या बॅटरीच्या टोकाशी दुसरा. ४८ व्होल्टचा झटका बसत नाही असे लोक म्हणतात. झटक्याची काळजी नंतरची, त्या बॅटऱ्यांची दोन टोके एका पान्याने जोडली गेली तर पाना लाल होतो आणि वायर पेटते. जोडणी मोठ्या माणसाने, रिक्शाची चावी काढून, हातातले कडे उतरवून करायची, हे आम्ही कागदावर लिहून सही करून दिले. आणि शाळेच्या चार्जरचे झाकण, ज्याच्या आत २३० व्होल्ट आहेत, ते प्लग काढल्याशिवाय कुणीही उघडायचे नाही, हा नियम प्रयोगशाळेच्या दारावर पूर्वीपासून आहे.

राहिली ती दमलेली चौथी बॅटरी. मेकॅनिकचे मत होते की बदलावी. एकटी नवी घातली तर जुन्या तिघींशी तिचे जुळत नाही, आणि चारही घेणे परवडणारे नव्हते. मॅडम म्हणाल्या, ती मेली नसेल, नुसती उपाशी असेल. तिला एकटीला पोटभर देऊन पाहू. शाळेचा चार्जर तिच्यासाठी फार लहान, ०.७ ॲम्पिअर म्हणजे शंभरच्या टाकीला बारीक नळ. पण वेळ असेल तर बारीक नळही भरतो. काकांनी शनिवारी संध्याकाळी ती काढून दिली, रविवारचा धंदा बुडवला, आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या ठेवून मामांनी ती फळीवरच्या चार्जरला लावली. सुरुवातीला मीटर १२.१ दाखवत होता. रविवारी दुपारी १२.९. सोमवारी सकाळी सात वाजता, छत्तीस तासांनंतर, १३.३. आत गेलेले सगळे मिळून पंचवीस ॲम्पिअर-अवर, म्हणजे पूर्ण नव्हे. काढून दोन तास ठेवल्यावर १२.५ वर टिकली. बाकीच्या तिघी १२.७.

काका नऊ वाजता ती न्यायला आले. फळ्यावर मुलांनी आकडे लिहून ठेवले होते, ते त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. पुढच्या शनिवारी पुन्हा एकदा आणू का, असे त्यांनी मामांना विचारले. मामांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, आणा, पण शाळा सुटल्यावर.